अण्णा, पॅटागोनिया लेक आणि वेडी बाभळ

पॅटागोनिया म्हटलं की बहुतेकांना दक्षिण अमेरिका आठवते नाहीतर ती महागडी जॅकेटं, पण आम्ही गेलो ते पॅटागोनिया ॲरिझोनात आहे, मेक्सिकोच्या बॉर्डरजवळ. हजारभरसुद्धा वस्ती नसलेलं गाव आणि गावापासून सातेक मैलांवर पॅटागोनिया लेक स्टेट पार्क. अमेरिकेतल्या पक्षीवाल्यांसमोर नुसतं नाव काढलं तरी ते "कधी जाताय, आत्ता तिथे काय काय दिसतंय" सुरू करतात. कारण असं की मेक्सिकोतले बरेच पक्षी उत्तरेला येतात ते इथपर्यंतच, पुढे जात नाहीत, त्यामुळे पूर्ण देशात जे कुठेच दिसत नाही ते इथल्या दोन-चार डोंगरांत आणि ओढ्यांत दिसतं.

फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेचा लाँग वीकेंड होता, अण्णा (माझे वडील) आलेले होते आणि चँडलरमध्ये (फिनिक्सजवळचं आमचं गाव) त्यांचा जीव काही रमेना. इंदापूर तालुक्यातला माणूस, हयात शेतात गेलेली, आणि इथे संध्याकाळी फिरायला बाहेर पडलं तर रस्त्यावर बोलायला एक माणूस मिळत नाही. नवरा म्हणाला चला, स्टेट पार्कमध्ये केबिन मिळतेय, तुझे पक्षी पण होतील. अण्णांना पक्ष्यांचं वेड वगैरे नाही पण उजनीच्या काठचे असल्यामुळे रोहित, बदकं, खंड्या हे सगळं घरातलंच, आणि भिगवणला मुंबई-पुण्याचे लोक हातभर कॅमेरे घेऊन होडीत बसतात हे बघून बघून हा शौक काय असतो ते त्यांना पक्कं माहितीये.

शनिवार

सकाळी आय-१० ने टुसान आणि तिथून आय-१९ ने खाली नोगालेसकडे. टुसानपर्यंतचा रस्ता कंटाळवाणा, पिकाचो पीकचा सुळका सोडला तर बघायला काही नाही. आय-१९ वर मात्र गंमत आहे, इथे अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये आहेत! १९८० च्या सुमाराला अमेरिका मेट्रिकवर जाणार असं वारं होतं तेव्हा हा रस्ता प्रयोगाला घेतला, पुढे देशाचा विचार बदलला आणि पाट्या तशाच राहिल्या. स्पीड लिमिट परत मैलांतच, म्हणजे गोंधळ पूर्ण. अण्णांना मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा अंतर कळायला लागलं, मग नोगालेसपर्यंत प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून झाली. मधे पेकनच्या बागा लागल्या, मैलच्या मैल, या दिवसात पान एकही नाही, त्यांना पाणी किती लागतं आणि ते येतं कुठनं यावर नवऱ्याची उलटतपासणी झाली. जमिनीतून उपसतात म्हटल्यावर "मग झालं यांचं पण" एवढंच बोलले.

नोगालेसहून ८२ नंबरचा रस्ता धरायचा, मग पार्कचा फाटा, आत चारेक मैल. दोन्ही बाजूला वाळक्या गवताच्या टेकड्या, त्यांच्यावर ओकोटिओ, म्हणजे जमिनीतून वीस-पंचवीस काटेरी काठ्या एकदम वर आल्यासारखं एक झुडूप. आणि मग एका वळणावर खाली अचानक निळं पाणी. साधारण २६५ एकरांचा तलाव, लांबी अडीच मैल, उंची पावणेचार हजार फुटांच्या आसपास. सोनोइटा क्रीक नावाच्या ओढ्यावर इथल्याच लोकांनी मिळून १९६० च्या दशकाच्या शेवटी बांध घातला आणि १९७५ मध्ये त्याचं स्टेट पार्क झालं.

अण्णांचा पहिला प्रश्न, "ह्याचं पाणी कुठल्या शेताला जातं?" कुठल्याच नाही, पोहायला, बोटीला आणि मासे धरायला केलंय. दोन मिनिटं त्यांना पटेचना. उजनी म्हणजे ११७ टीएमसी, त्यात यांची जमीन गेलेली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं ते बघायला लोक होड्या करून जातात, आणि इथे म्हणे पोहायला धरण. "आमच्याकडं ह्याला पाझर तलाव म्हणत्यात" असं म्हणून त्यांनी तलावाचा निकाल लावला.

लाँग वीकेंडची गर्दी होती, कॅम्पग्राउंड फुल्ल, ग्रिलचा धूर, पोरांच्या सायकली. हिवाळ्यात तलावात ट्राउट सोडतात त्यामुळे काठाने गळ टाकून बसलेले लोक भरपूर. एका म्हाताऱ्या मेक्सिकन काकांजवळ जाऊन अण्णांनी थेट बादलीतच डोकावलं आणि मला म्हणाले "विचार त्यांना, चिलापी मिळती का?" मी विचारलं, ते हसले, टिलापिया नाही, ट्राउट आणि कधी कधी बास. मग दोघं एकमेकांची भाषा न येता बराच वेळ हातवारे करत माशांचे आकार सांगत बसले, दोन्हीकडचे आकार वाढत गेले.

पक्षी म्हणाल तर दुपारी मोकळ्या पाण्यावर वारकऱ्यांची (कूट हो) काळी झुंड, पाणकावळे बोयांवर पंख वाळवत, एक टिबुकलीची चुलतबहीण म्हणजे पाइड-बिल्ड ग्रीब, रडी डकचा थवा शेपट्या वर करून झोपलेला आणि थोडं लांब थापटे. थापट्या बघून अण्णा खुश, "ह्यो तर आपल्याकडं बी येतो." आणि खरंच तोच, जात एकच, नॉर्दर्न शॉव्हलर, फक्त भिगवणला येणारे मध्य आशिया-सायबेरियाकडून येतात आणि इथले कॅनडा-अलास्काकडून. तलवार बदकाचंही तसंच. एक कैकर म्हणजे ऑस्प्रे वरून दोन चकरा मारून गेला, पण बोटींमुळे त्याने सूर काही मारला नाही. खरं सांगायचं तर दुपारचा तलाव मला फार आवडला नाही. पाणी दिसतं म्हणून सगळे पाण्याकडेच जातात आणि पक्षी बिचारे आत कोपऱ्यात जाऊन बसतात.

संध्याकाळी केबिनच्या मागच्या टेकडीवर गेलो तर तिथे चित्र वेगळंच. गॅम्बेल्स क्वेलचा कळप, डोक्यावर पुढे वळलेला तुरा, एकामागोमाग एक झुडपाखालून पळतायत. पायरुलॉक्सिया, म्हणजे कार्डिनलचा राखाडी भाऊबंद, ज्याची चोच पोपटासारखी आखूड. आणि केबिनजवळच कचऱ्याच्या डब्यापाशी रोडरनर! लेकीला कार्टूनमधला माहिती, तिला वाटलेलं निळा असतो. हा तपकिरी रेघांचा, लांब शेपटीचा, तुरा उभा-आडवा करत चालला होता. अण्णा बघताबघता म्हणाले, "चाल भारद्वाजाची वाटती." मी पुस्तक न उघडताच हो म्हटलं, कारण दोघंही कोकिळेच्याच कुळातले, आणि भारद्वाजसुद्धा उडण्यापेक्षा झुडपाखालून तुरुतुरु चालण्यातच खुश असतो. मग सकाळी निघताना भारद्वाज दिसला की शुभ, तर हा संध्याकाळी दिसला तर काय, यावर नवऱ्याने आणि अण्णांनी दशम्या आणि ठेचा खाताना बरीच चर्चा केली.

रात्री कडाक्याची थंडी, बाथरूम केबिनमध्ये नाही, लांब चालत जावं लागतं हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. लांबून ग्रेट हॉर्न्ड आऊलचा घुमणारा आवाज आणि मग कायोटींची कोल्हेकुई.

रविवार

हा दिवस खरा. पहाटे उठून चहा पिऊन, टोप्या-स्वेटर चढवून तलावाच्या पूर्वेच्या टोकाला गेलो, तिथे कॅम्पग्राउंड संपतं आणि बर्डिंग ट्रेल सुरू होतो. ओढा तलावाला येऊन मिळतो तो हा भाग. पाणी उथळ, गाळ, पाणकणसं, कॉटनवूडची उंच झाडं, विलो, हॅकबेरी, आणि त्याच्याही मागे दाट काटेरी रान. टेबलांवर दव गोठून पांढरं झालेलं. नवरा आणि लेक केबिनमध्ये झोपलेले, त्यामुळे मी आणि अण्णा दोघंच.

ट्रेलच्या तोंडाशी फीडर टांगलेले असतात, तिथे पाच-सहा रिटायर्ड मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून आधीच बसलेली. इथली पद्धत अशी की कुणी भेटलं की नाव-गाव नाही, एकदम "काही चांगलं दिसलं का?" आणि चांगलं म्हणजे काय ते दोघांना माहिती. या दिवसांत चांगलं म्हणजे ट्रोगन. एलेगंट ट्रोगन हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला पक्षी, अमेरिकेत जवळपास फक्त याच कोपऱ्यात येतो, उन्हाळ्यात वरच्या डोंगरांतल्या घळींत वीण करतो आणि एखाद-दुसरा हिवाळाभर इथे ओढ्याच्या झाडीत मुक्काम टाकतो. आपल्या सह्याद्रीत आंबोली-तिळारीकडे जो कर्णा दिसतो त्याच कुळातला. मी कर्णा पाहिलेला आहे त्यामुळे शोधायचं कसं ते माहिती होतं: हलणारं काही शोधायचंच नाही. हे पक्षी ताठ बसतात, तासन् तास, मान फक्त सावकाश फिरवतात.

ट्रेलला लागल्या लागल्या अण्णा एका झाडापाशी थांबले, फांदी ओढली, पान बघितलं, काटा बघितला, खाली पडलेली शेंग उचलून मोडून बघितली आणि म्हणाले,

"अगं, ही तर आपली वेडी बाभळ की!"

वेडी बाभळच. म्हणजे तिची सख्खी बहीण, इथे हिला वेल्व्हेट मेस्किट म्हणतात. आपल्याकडची प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा दीडशे वर्षांपूर्वी याच खंडातून भारतात आणली गेली, सरपण होईल, उजाड जमीन झाकेल म्हणून, आणि मग ती जी सुटली ती सुटलीच. अण्णांचं निम्मं आयुष्य बांधावरची वेडी बाभळ उपटण्यात गेलंय, तोडली की चौपट फुटते, काटा लागला की आठवडाभर पाय ठणकतो. त्यांना ती इथे स्टेट पार्कमध्ये सांभाळून ठेवलेली बघून धक्काच बसला. "ही मुद्दाम ठेवलीय?" मी म्हटलं हो अण्णा, हे तिचं माहेर आहे. इथले मूळचे तोहोनो ओओधाम लोक शेंगा दळून पीठ करून खायचे, अजून करतात, दुकानात मिळतं. यावर ते काही बोलले नाहीत पण शेंग खिशात टाकली.

आणि मग त्या बाभळीतच सगळा खेळ सुरू झाला. ऊन वर येऊन शेंड्यांना लागलं आणि दहा मिनिटांत झाडं जिवंत झाली. आधी ब्रायडल्ड टिटमाइसची टोळी, तुरेवाली, चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा, आपल्या वल्गुलीचे नातेवाईक, आणि त्यांच्या मागोमाग बाकीचे, कारण टिटमाइस पुढे आणि फुकटे मागे अशी ही फौज हिंडते. रुबी-क्राउन्ड किंगलेट, एक क्षण बसेल तर शपथ. हटन्स व्हिरिओ. लॅडर-बॅक्ड सुतार सालीवर टकटक करत. पिवळ्या डोक्याचा इवलासा व्हर्डिन. डोकं खाली करून खोडावरून उतरणारा नटहॅच. एका वाळक्या फांदीवर व्हर्मिलियन फ्लायकॅचरचा नर, लालभडक, उडून हवेत किडा पकडायचा आणि परत त्याच फांदीवर. इथे गुरं चरायला असतात, शेण असतं, माश्या असतात, त्यामुळे याची चंगळ. गुरं दिसल्यावर अण्णांनाही बरं वाटलं, त्यांच्या जातीवर, वजनावर आणि दुधावर बरेच प्रश्न झाले, ज्यांची उत्तरं मला माहिती नव्हती.

एका मेस्किटवर बांडगुळाचा मोठा झुपका होता आणि त्यावर फायनोपेप्लाचा नर पहारा देत बसलेला. चकचकीत काळा, तुरा, लाल डोळा, उडला की पंखात पांढरे ठिपके. हिवाळाभर तो आपला बांडगुळाचा झुपका सांभाळतो, दुसऱ्याला येऊ देत नाही, फळं खातो आणि चिकट बिया फांदीवर टाकतो, त्यातून नवं बांडगूळ. आपल्याकडे आंब्यावर हेच काम फुलटोच्या करतो. हे ऐकून अण्णांचं मत: "म्हणजे झाडाचं वाटोळं करणारा माळी." वाईट नाही व्याख्या.

ट्रेल पुढे ओढ्याकडे उतरतो तिथे बेल्टेड किंगफिशरची मादी पाण्यावरच्या फांदीवर खडखडाट करून गेली. या खंड्यात मादी जास्त रंगीत, नराला पोटावर एकच निळा-राखाडी पट्टा आणि मादीला खाली अजून एक विटकरी. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे जे झालं ते.

पुढच्या वळणावर दहा-बाराजण एकाच दिशेला दुर्बिणी लावून उभे, कुणी बोलत नाही. आम्ही मागे जाऊन उभे राहिलो. एका काकूंनी हळूच हात करून हॅकबेरीची एक आडवी फांदी दाखवली. ट्रोगन! ताठ, पाठ आमच्याकडे. मग सावकाश मान वळवली आणि डोळ्यामागचा पांढरा अश्रूसारखा ठिपका दिसला. मादी. तपकिरी अंग, पोटाखाली फिकट गुलाबी-लाल, पिवळी चोच. तेवढ्यात मागून एकजण कॅमेरा घेऊन घाईघाईने आला, "मेल आहे का?" नाही, फीमेल. त्याचा चेहरा पडला, दोन फोटो काढले आणि गेला. असे अजून दोघं-तिघं. मला याचा राग येतो, मी स्पष्ट सांगते. नर हिरवा-लाल असतो, कबूल, सुंदरच असतो, पण देशाच्या या एकाच कोपऱ्यात दिसणारा पक्षी पंधरा फुटांवर बसलाय आणि तुम्ही रंग कमी म्हणून निघून जाता?

आम्ही थांबलो. ती एकदम फांदी सोडून हवेत उभी राहिल्यासारखी फडफडली, फळ तोडलं आणि परत जागेवर. कर्ण्याचीही खायची पद्धत अशीच, बसून नाही, उडता उडता टिपायचं. अण्णांना दुर्बिणीतून नीट दिसत नव्हतं, ते नुसत्या डोळ्यांनीच बघत होते. "लई शांत बाई आहे" म्हणाले. मी ते शेजारच्या काकूंना इंग्लिशमध्ये सांगितलं, त्या इतक्या हसल्या की सगळे आमच्याकडे बघायला लागले. ट्रोगन मात्र ढिम्म.

परतीच्या वाटेवर फीडरवाली मंडळी ब्लॅक-कॅप्ड नॅटकॅचरच्या मागे लागलेली. हाही मेक्सिकोतला, आणि साध्या ब्लू-ग्रे नॅटकॅचरपासून वेगळा ओळखायचा तर हिवाळ्यात शेपटीच्या पिसांची पायऱ्यांसारखी रचना, चोचीची लांबी आणि आवाज एवढंच. चार इंचांचा राखाडी जीव, काट्यांत एक सेकंद थांबत नाही, आणि हे लोक पाऊण तास त्याच्या शेपटीच्या पिसांवर वाद घालतायत. मी थोडा वेळ वाद ऐकला आणि आमच्या लिस्टमध्ये नुसतं "नॅटकॅचर" लिहून थालीपीठ खायला गेले.

दुपारी गावात गेलो सगळे. पॅटन सेंटर फॉर हमिंगबर्ड्स हे एक साधं घर आणि त्याचं परसदार. पॅटन नावाचं जोडपं १९७० च्या दशकात इथे राहायला आलं, अंगणात साखरपाणी टांगायला लागलं, बघायला लोक कुंपणाशी उभे राहायला लागले, तर यांनी हाकलायच्या ऐवजी फाटक उघडून खुर्च्या मांडल्या. साखरेसाठी एक डबा ठेवला, ज्याला जे टाकायचं ते टाका. दोघंही गेल्यावर २०१४ मध्ये तेव्हाच्या टुसान ऑडुबॉन सोसायटीने जागा घेतली आणि फाटक अजून उघडंच आहे, तिकीट नाही. इथला खास पाहुणा म्हणजे व्हायोलेट-क्राउन्ड हमिंगबर्ड, पांढरंशुभ्र पोट, लाल चोच, जांभळं डोकं. बाकी अमेरिकेत हा शोधायला जीव काढावा लागतो, इथे आम्ही बसलो आणि पाच मिनिटांत आला. त्याच्या जोडीला ॲनाज आणि एक ब्रॉड-बिल्ड, हेही हमिंगबर्डच.

लेक अण्णांना म्हणाली, "आजोबा, हा मागे पण उडतो बघ!" अण्णांना आधी शिंजीर वाटला, पण शिंजीर बसून रस पितो आणि हा हवेत एका जागी लटकतो हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आहेत, आपल्याकडे एकही नाही. एवढ्या थंडीत एवढा जीव रात्री जगतो कसा, तर अंगाचं तापमान पार खाली आणून जवळपास बंद पडल्यासारखा राहतो आणि सकाळी परत चालू होतो. पाणी करायची कृती तिथे लिहिलेली आहे, चार वाट्या पाण्याला एक वाटी साखर, लाल रंग घालायचा नाही. अण्णांनी साखरेच्या डब्यात पाच डॉलर टाकले, स्वतःच्या खिशातले.

येताना ८२ वरच्या त्या प्रसिद्ध रेस्ट एरियात थांबलो. रस्त्याकडेला दोन-चार पिकनिक टेबलं, समोर कडा, बस. पण पक्षीवाल्यांच्या बोलण्यात "पॅटागोनिया पिकनिक टेबल इफेक्ट" म्हणून जे येतं ते याच्यावरून: एक दुर्मिळ पक्षी बघायला लोक आले, त्यांना तिथेच दुसरा सापडला, तो बघायला अजून आले, त्यांना तिसरा. ऐकायला झकास वाटतं, पण ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या काही जणांनी ईबर्डच्या (पक्षी बघणारे आपल्या नोंदी टाकतात ती वेबसाइट) नोंदी घेऊन खरंच असं होतं का ते तपासलं आणि पुरावा फारसा मिळाला नाही. आम्हालाही टेबलाजवळ एक कॅन्यन टोही आणि सांडलेल्या चिप्स एवढंच मिळालं.

सोमवार

केबिन सोडली आणि घरी जाताना आलेल्या वाटेने न जाता सोनोइटावरून ८३ ने निघालो, कारण मला माळरान बघायचं होतं. सोनोइटाच्या उत्तरेला लास सिएनेगास नॅशनल कन्झर्वेशन एरिया आहे, २००० मध्ये जाहीर झालेलं, ४५ हजार एकरांच्या आसपास. मातीचा रस्ता, दोन्ही बाजूला कमरेएवढं सोनेरी गवत आणि लांब निळे डोंगर. तलावावर गाड्या लावायला जागा नव्हती आणि इथे सुट्टीच्या दिवशी तासाभरात दोन गाड्या दिसल्या.

अण्णा गाडीतून उतरले आणि कडबनवाडीच म्हणाले. इंदापूरचं कडबनवाडीचं माळरान ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. तिथे चिंकारा, इथे प्रॉन्गहॉर्न, लांब एक कळप उभा होता, पांढरी ढुंगणं उन्हात चमकत होती. तिथे हिवाळ्यात भोवत्ये येतात, इथेही गवतावरून अगदी खालून तिरकी गिरकी घेत नॉर्दर्न हॅरियर चाललेला. तारेच्या कुंपणावर खाटीक, लॉगरहेड श्राइक, आणि त्याने खरंच एक नाकतोडा तारेच्या काट्याला अडकवून ठेवलेला, लेकीला भीती आणि आनंद दोन्ही एकदम.

गुरांसाठी केलेला एक पाण्याचा हौद होता त्याच्यापासून जरा लांब गाडी लावून बसलो. कोरड्या माळावर हीच युक्ती, पक्ष्यामागे धावायचं नाही, पाणी धरून बसायचं. थोड्या वेळाने वरून किलबिल करत एक थवा आला, चेस्टनट-कॉलर्ड लाँगस्पर, उतरला, दचकला, उडाला, परत फिरून उतरला, तीन-चार वेळा असं करून मग कुठे काठावर पाणी प्यायला. हिवाळ्यात दिसायला मातकट, चंडोलासारखे, उडताना शेपटीत पांढऱ्यावर काळा त्रिकोण दिसतो तीच खूण. हे मोंटाना-डकोटा आणि कॅनडाच्या गवताळ भागात वीण करतात आणि तिथलं गवत नांगराखाली गेल्यामुळे फार कमी झालेत. उन्हाळ्याचं घर गवतात, हिवाळ्याचं घरही गवतात, आणि दोन्हीकडे गवत म्हणजे रिकामी जागा असंच समजतात लोक.

अण्णा म्हणाले, आपल्याकडे तरी काय वेगळं, माळ म्हणजे पडीक. कुणी प्लॉट पाडतो, कुणी झाडं लावतो आणि फोटो काढतो. नान्नजला त्यांनी तरुणपणी माळढोक पाहिलाय, सोलापूरला पाहुण्यांकडे जाताना एस्टीतून, आता दिसला तर नशीबच. मला वाटतं झाडं लावणं वाईट असं कुणाला म्हणवत नाही म्हणून हे चालतं. माळावर झाड लावणं म्हणजे तळ्यात भराव टाकण्याइतकंच आहे, पण तळं बुजवलं तर दिसतं आणि माळ बुजवला तर हिरवळ वाढली म्हणून टाळ्या.

आणि मग पुढे एका पट्ट्यात तोडलेल्या झाडांचे वाळके ढीग दिसले. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. मेस्किट! इथे मुद्दाम काढतात ते. शंभर-सव्वाशे वर्षांत भरमसाट चराई झाली, आगी लागू दिल्या नाहीत, आणि ओढ्याकाठची मेस्किट माळावर चढली, गवत मागे हटलं. तिच्याच माहेरी, तिच्याच मातीत. म्हणून आता गवत परत यावं यासाठी यंत्रांनी काढतायत. काल सकाळी ज्या झाडात आम्ही दोन तास मान वर करून उभे होतो तेच झाड दहा-वीस मैलांवर उपटायचं, यात विरोधाभास काहीच नाही, ओढ्याकाठी ती हवी आणि माळावर नको. पण अण्णांना जो आनंद झाला! चाळीस वर्षं एकटेच लढतोय असं वाटणाऱ्या माणसाला अमेरिकन सरकार आपल्या बाजूने उतरलेलं दिसलं. "मुळासकट काढत्यात का नुसती छाटत्यात?" हे मला माहिती नव्हतं. "विचारून ठेव, नुसती छाटली तर पैसे वाया."

शेवटी प्रेरी डॉग बघितले. ॲरिझोनातून ब्लॅक-टेल्ड प्रेरी डॉग पार संपलेले, विष घालून मारले होते सगळे, २००८ मध्ये बाहेरून आणून इथे परत सोडले. बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभं राहून ओरडत होते. लेकीला इथून हलवायला वीस मिनिटं लागली.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च बरा, ट्रोगनची आशा हिवाळ्यात ठेवा आणि नर-मादी करत बसू नका. एप्रिलनंतर ग्रे हॉक आणि बाकीचे उन्हाळी मेक्सिकन पाहुणे येतात पण तलावावर गर्दी आणि बोटींचा आवाज वाढत जातो, तेव्हा शक्यतो वीकडेला जा आणि सरळ पूर्वेच्या टोकाला. केबिन खूप आधी बुक करावी लागते. बॉर्डरजवळच्या रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलची चेकपोस्ट असतात त्यामुळे भारतातून आई-वडील आलेले असतील तर त्यांचा पासपोर्ट घरी ठेवू नका, आमचं काम मिनिटभरात झालं. लास सिएनेगासचा रस्ता साध्या गाडीला चालतो पण पाऊस पडून गेला असेल तर चिखलात जाऊ नका. आणि मेस्किटचं पीठ मिळालं तर घ्या, गोडसर असतं, ज्वारीत मिसळून भाकरी केली, चांगली झाली. अण्णांनी दीड खाल्ली आणि म्हणाले ठीक आहे, पण म्हणून बांधावर ठेवणार नाही.